अंडी खराब नव्हती, घाई झाली: गोव्यात किली मासे सुरू करताना

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वास्कोला सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, दोन वर्षं गप्पी आणि मॉली पाळलेत, आता किली, म्हणजे अंडी घालणारे छोटे रंगीत मासे, करायचेत. एकाकडून नोथोब्रँकियस गुंथेरी या किलीची अंडी कुरिअरने मागवली, पिशवी आली त्याच संध्याकाळी पाण्यात टाकली, दुसऱ्या दिवशी ११ पिल्लं निघाली, त्यातली सात-आठ तळाशीच सरपटत राहिली आणि चौथ्या दिवसापर्यंत सगळी गेली. मग अंडी खराब होती का, हीटर घ्यायला हवा का, आणि आता पुढे कुठला मासा घ्यावा, हे तीन प्रश्न.

पहिलं म्हणजे अंडी खराब नव्हती. खराब अंड्यातून ११ पिल्लं निघत नाहीत. आणि तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच नाहीये, ती म्हणजे त्या चार दिवसांत पिल्लांना खायला काय दिलं. गप्पीचं पिल्लू जन्मल्या दिवशीच चांगलं मोठं असतं, फ्लेक चुरून टाकला तरी खातं, त्यामुळे गप्पी पाळणाऱ्याला पिल्लांच्या जेवणाचा वेगळा विचार करायची सवयच लागत नाही. नात्याने गप्पी आणि किली एकाच गणातले, पण गप्पी पिल्लं घालतो आणि किली अंडी घालतो, एवढ्या एका फरकामुळे सगळं काम बदलतं. मी २० वर्षं हे मासे ठेवतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की किली पाळणं म्हणजे मोठे मासे पाळणं नव्हेच, ते कुणीही पाळेल. खरं काम अंडं सांभाळायचं आणि पिल्लाचं पहिल्या दहा दिवसांचं जेवण तयार ठेवायचं. आधी जेवण, मग अंडी, मग मासा, असा उलटा क्रम लावला तर जमतं.

हे मी शिकले ते माझी पहिली ४० पिल्लं घालवून. चवथीच्या आदल्या रात्री अंडी फुटायला लागली, घरात गणपतीची माटोळी बांधायची गडबड, पाहुणे, आणि आर्टेमिया (पिल्लांना खायला घालायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) लावायचं उद्यावर गेलं, ते परवावर गेलं. तिसऱ्या दिवशी बघते तर पाणी स्वच्छ, सगळं ठीक, फक्त पिल्लं नाहीत. इतकी बारीक असतात की मेलेली दिसतसुद्धा नाहीत. तेव्हापासून पिल्लांच्या जेवणाची बाटली चालू असल्याशिवाय मी अंड्यांना पाणी लावत नाही.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. नोथोब्रँकियस हे पूर्व आफ्रिकेतले, गुंथेरी झांजिबारचा. पावसात भरणारी आणि नंतर आटून जाणारी डबकी असतात तिथे राहतो. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात राहतात आणि पुढच्या पावसाची वाट बघतात. या वाट बघण्यात अंड्यातला गर्भ मधेच थांबतो, मग पुन्हा वाढतो, पुन्हा थांबतो. सगळी अंडी एकाच वेळी पुढे सरकत नाहीत, काही मागे राहतात. यात निसर्गाचा हिशोब असा की एखादा अवकाळी पाऊस पडून डबकं भरलं आणि चार दिवसांत आटलं तरी सगळी पिढी बुडू नये. आपल्याकडे एप्रिलमध्ये एखादी सर येऊन जाते आणि लगेच ऊन पडतं तसं समजा. तुम्ही पिशवी आल्या आल्या पाणी लावलं म्हणजे तुम्ही तो अवकाळी पाऊस पाडलात.

गुंथेरीच्या अंड्यांना २४-२५ अंशांना ओलसर पीटमध्ये, म्हणजे पिशवीतल्या त्या तपकिरी भुश्यात, साधारण ३ ते ४ महिने लागतात. गरम जागी लवकर, गार जागी उशिरा. म्हणून पिशवीवर अंडी काढल्याची तारीख असते आणि चांगला माणूस पाणी कधी लावायचं तेही लिहून देतो. पण तारखेवरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, अंडी बघायची. चिमूटभर पीट पांढऱ्या बशीत घ्या, भिंगातून बघा, अंड्यात दोन काळे डोळे आणि त्याभोवती सोनेरी कडं स्पष्ट दिसलं की ते तयार. बहुतेक अंडी अशी दिसली तरच पाणी लावायचं. नुसतं स्वच्छ पारदर्शक अंडं दिसलं तर ते अजून झोपलंय, मेलेलं नाही, पिशवी परत बंद करायची.

ती सरपटणारी पिल्लं, त्यांना पोहता येत नव्हतं कारण पोटातली हवेची पिशवी भरलीच नाही. असं का होतं याची कारणं एकाहून जास्त आहेत. पाणी फार लवकर लावलं तर होतं, फार उशिरा लावलं तरी होतं, आणि पाणी खोल असलं तरी होतं, कारण पिल्लाला पहिल्या काही तासांत वर येऊन हवा घ्यावी लागते आणि सहा इंच चढणं त्याला जमत नाही. तुमच्या बाबतीत मला लवकर लावल्याचा संशय जास्त आहे. पाण्याची खोली तुम्ही लिहिली नाहीये, बादलीत किंवा टँकमध्ये टाकलं असेल तर तेही कारण धरा. माझी पद्धत अशी, आइस्क्रीमचा चौकोनी डबा, त्यात पीट, वर जेमतेम ४-५ सेंटिमीटर पाणी, आणि ते पाणी १८-२० अंशांचं, म्हणजे शिळ्या पाण्यात फ्रीजमधलं पाणी मिसळून. गार पाणी हा त्यांच्यासाठी पावसाचा इशारा असतो. नंतर ते आपोआप खोलीच्या तापमानाला येतं, काही करायचं नाही.

आणि हे महत्त्वाचं, ते पीट तुम्ही टाकून दिलं नाही ना? नसेल दिलं तर अजून काही गेलेलं नाही. पाणी गाळून टाका, पीट कापडात घालून हाताने पिळा, वर्तमानपत्रावर पसरा, आणि मुठीत दाबलं तर थेंब गळत नाही पण हाताला गार ओलसर लागतं इतपत वाळलं की झिपच्या पिशवीत भरून कपाटात ठेवा, स्वयंपाकघरात गॅसच्या वर नको. पिशवीवर आजची तारीख घाला. महिन्याने उघडून अंडी बघा. एका पिशवीला मी तीन-तीन वेळा पाणी लावलंय आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं निघालीत असंही झालंय.

पण खरं सांगू का, तुम्ही नोथोने, म्हणजे नोथोब्रँकियसने, सुरुवात करायला नको होती. मासा वाईट नाही, उलट त्याच्या नराइतका रंग गोड्या पाण्यात फार थोड्या माशांना असतो. पण तो शिकवायला वेळ देत नाही. त्याच्या जातभाईंपैकी नोथोब्रँकियस फर्झेरी तर काही महिन्यांतच म्हातारा होतो, म्हणून वार्धक्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तो प्रयोगशाळेत ठेवतात. गुंथेरी जरा बरा, पण वर्षभराच्या आसपासच. अंडी पीटमध्ये, दिसत नाहीत, तीन महिने काही कळत नाही, आणि चुकलं तर नेमकं कुठे चुकलं तेही कळत नाही. नवशिक्याला असा मासा हवा की ज्याचं अंडं डोळ्याने दिसतं, बोटाने उचलता येतं आणि दोन आठवड्यांत फुटतं.

आणि तो मासा आपल्या दारात आहे. किली या नावाचा मारण्याशी काही संबंध नाही बरं का, डच भाषेत किल म्हणजे ओहोळ, आपला व्हाळच. जगात किलीच्या हजारावर जाती आहेत आणि त्यातल्या काही गोव्यातच आहेत. माझ्या वडिलांचं कुळागर फोंडा महालात, तिथे पोफळींना पाणी सोडायचे पाट आहेत, त्या पाटात वरवर फिरणारा, डोक्याच्या मधोमध चांदीची टिकली लावल्यासारखा ठिपका असलेला मासा लहानपणी आम्ही ओंजळीत धरायचो. तो अ‍ॅप्लोकिलस लिनिएटस. दुकानात गोल्डन वंडर म्हणून पिवळाधमक मासा मिळतो तोही हाच, माणसाने निवडून वाढवलेला रंग. याचा छोटा भाऊ अ‍ॅप्लोकिलस ब्लॉकी, तो ५ सेंटिमीटरच्या आसपासच राहतो, हिरवट आणि अंगावर लाल ठिपके. गोव्यात मलेरियाचा डास आवरायला याच ब्लॉकीचा उपयोग करून पाहिला होता, त्या प्रयोगांवरचा शोधनिबंध १९९८ मध्ये आलाय. म्हणजे ज्या माशाला आपण शेतातलं बारीक मासलं म्हणून सोडून देतो त्याच्याकडे लोकांनी इतक्या गांभीर्याने बघितलंय.

तुम्ही लिनिएटसने सुरू करा. एक नर, दोन किंवा तीन माद्या. ओळखायला सोपं, मादीच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो आणि अंगावरचे उभे पट्टे ठळक, नराला सोनेरी-हिरवे ठिपके जास्त आणि खालचा पर लांब टोकदार. मासा १० सेंटिमीटरपर्यंत जातो, तोंड मोठं, त्यामुळे तुमच्या गप्पींबरोबर ठेवू नका, लहान गप्पी एकही उरणार नाही. दोन फुटी टँक पुरते. व्हाळातून धरणार असाल तर ओळखीच्या माणसाच्या शेतातून-कुळागरातून विचारून चार-पाच घ्या, अभयारण्यातून अजिबात नको, तो गुन्हा आहे. धरलेले मासे पंधरा दिवस वेगळे ठेवून बघा, जंगली माशाच्या अंगावर कधीकधी परजीवी असतात. दुकानातून घेतलात तर एकाच टँकमधले आखूड, पाठ वाकलेले घेऊ नका, पिढ्यान्‌पिढ्या भावंडांतच वाढवलेले असतात.

झाकण. यावर मी दहा वेळा लिहीन. किली उडी मारतो, आणि एअरच्या नळीसाठी ठेवलेल्या बोटभर फटीतूनही मारतो. काच असू दे, मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, पण फट नको. पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवा. सकाळी लादीवर सुकलेला नर सापडतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तोच सगळ्यात चांगला असतो.

फिल्टर साधा स्पंजचा, हवा हळू सोडलेली. जोरदार फिल्टर यांना नको, हे संथ पाण्यातले मासे. पाऊस सुरू झाला की लाईट जाते, चार-चार तास येत नाही, त्यात स्पंज बंद पडला तरी या माशांना फारसा फरक पडत नाही, फक्त टँक गच्च भरलेली नसावी. वर तरंगणारी झाडं हवीत, पिस्तिया, साल्विनिया, काहीही, सावली असली की मासा बिनधास्त होतो आणि रंग दाखवतो. बदामाच्या झाडाची लाल होऊन पडलेली सुकी पानं धुऊन दोन-तीन टाका, पाणी चहासारखं होतं, त्याने अंड्यांवर बुरशी कमी येते असा माझा अनुभव आहे. पानं घ्याल ती रस्त्याकडेची नको, धूर बसलेला असतो.

पाण्याबद्दल एकच उत्तर नाही, तुमच्याकडे कुठलं येतं यावर आहे. वास्कोला साळावलीचं नळाचं पाणी, त्यात क्लोरीन असतं, ते बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा क्लोरीन काढायचे थेंब घाला. माझ्याकडे विहिरीचं, जांभ्या दगडातलं, ते फार मऊ आणि किंचित आंबट. लिनिएटसला दोन्ही चालतं. पण नोथोला मऊ पाण्यात व्हेल्वेट नावाचा रोग पटकन होतो, अंगावर सोन्याची पूड उडवल्यासारखी दिसते, मासा पर मिटून घेतो, अंग घासतो. म्हणून नोथोच्या टँकमध्ये मी सुरुवातीपासूनच मीठ घालते, ५ लिटरला एक छोटा चमचा, म्हणजे लिटरला साधारण १ ग्रॅम. मिठागरातलं जाड मीठ, आयोडीन नसलेलं. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याच्या हिशोबाने परत मीठ घालायचं, दरवेळी पूर्ण टँकच्या हिशोबाने नाही, ही चूक बरेच जण करतात.

हीटर. गोव्यात किलीसाठी हीटर नको, पैसे वाचवा. आपली अडचण उलटी आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली, एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३० च्या वर जाणार, आणि गच्चीवरच्या टाकीतून दुपारी भरलेली बादली तर त्याहून गरम. लिनिएटस हे सहन करतो, तो इथलाच आहे. पण लोक फोटो बघून अ‍ॅफिओसेमिऑन ऑस्ट्राले घेतात, तो गॅबनच्या किनाऱ्याजवळच्या सावलीतल्या जंगली ओहोळातला, त्याला २१ ते २५ अंश हवेत. आपल्या मे महिन्यात तो लगेच मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं जमतंय. पण अंडी पांढरी निघायला लागतात, मासा खंगतो आणि दोन-तीन वर्षं जगायचा तो वर्षात जातो. टेबल फॅन टँकवर लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं हे खरं, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात हवा इतकी दमट असते की पाण्याची वाफ फार कमी होते, मग फॅन फिरतो आणि काटा जेमतेम हलतो. त्यापेक्षा टँक खाली ठेवा, अगदी जमिनीलगत, खिडकीपासून लांब, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खोलीत. माझ्याच घरात वरच्या फळीवरच्या आणि लादीवरच्या टँकमध्ये दोन अंशांचा फरक मोजलाय मी. आधी एक साधा थर्मामीटर आणा, महिनाभर सकाळ-दुपार आकडा लिहा, मग ठरवा कुठला मासा परवडेल.

आता अंडी. बाजारातून गडद हिरवी अ‍ॅक्रिलिक लोकर आणा, खरी लोकर नको, ती कुजते. वीतभर लांबीचे ४०-५० धागे मधे बांधा, वर बुचाचा तुकडा, झाला मॉप. आधी उकळून घ्या, रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदलत. नर-माद्या आठवडाभर वेगळे ठेवून भरपूर खायला द्या, मग एकत्र सोडा आणि मॉप तरंगत ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मॉप बाहेर काढून हलकेच पिळून धाग्यांतून बघायचं, साबुदाण्याच्या भिजवलेल्या बारीक दाण्यासारखी, जेमतेम २ मिलिमीटरची अंडी चिकटलेली असतात. बोटांनी उचला, घाबरू नका, कवच चिवट असतं. चांगलं अंडं चिमटीत फुटत नाही, जे फुटतं ते आधीच मेलेलं होतं. माझ्या हाताला पहिल्यांदा तो कडक दाणा लागला तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो आणि तुम्हालाही तो मिळावा म्हणूनच मी आग्रहाने सांगतेय की नोथोच्या आधी हे करा.

अंडी छोट्या डब्यात, दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात, मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचा थेंब घालून, फिकट आकाशी रंग येईल इतकाच. अंधाऱ्या जागी ठेवा. रोज एकदा बघून पांढरी झालेली काढा, एका पांढऱ्याची बुरशी शेजारच्या चांगल्यालाही गुंडाळते. पाच-सहा दिवसांत डोळे दिसतात, १२ ते १४ दिवसांत पिल्लं. डब्यावर तारीख लिहा, अंडी किती ते लिहा. रोजची अंडी एकाच डब्यात टाकत राहिलात तर आठवड्याने मोठं निघालेलं पिल्लू लहान निघालेल्याला खातं, म्हणून दर चार दिवसांनी नवा डबा.

आणि या १२-१४ दिवसांचा उपयोग काय? जेवण लावायला. अंडी डब्यात पडली त्या दिवशी मायक्रोवर्मचा, म्हणजे पिल्लांना द्यायच्या सूक्ष्म किड्यांचा, डबा लावा. ओट्स किंवा रवा शिजवून गार झाल्यावर, वर चिमूटभर यीस्ट, आणि कुणाच्या तरी चालू डब्यातलं किड्यांसकट चमचाभर विरजण. ओट्स संपले तर मी उंड्याचा, म्हणजे आपल्या गोल पावाचा, मऊ भाग पाण्यात कालवून वापरते, तेही छान चालतं. चार-पाच दिवसांत किडे डब्याच्या कडेने वर चढतात, बोटाने पुसून पाण्यात सोडायचे. डबा बशीत पाणी घालून त्यात ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत संपवतात. दोन डबे चालू ठेवायचे, एक बिघडला की दुसरा असतो.

आर्टेमिया हे खरं अन्न, त्याला तोड नाही. बाटलीचं बूड कापून उलटी टांगा, लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाड मीठ, म्हणजे दीड मोठा चमचा, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, खालून जोरात हवा, वर दिवा. आपल्याकडे हवामान असं की हीटरशिवाय २४ तासांत फुटतात, थंड मुलखातल्या लोकांना यासाठी धडपड करावी लागते. हवा बंद करून, दिवा बाटलीच्या खालच्या टोकाशी आणून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर जातात, केशरी पिल्लं खाली उजेडाकडे जमतात, ती नळीने ओढून कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या डब्यात जाऊ देऊ नका, पोटात अडकतात. आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा एकदा उघडला की घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, बाहेर राहिला तर आपल्या पावसाळी दमटपणाने महिन्यात निकामी. एका दुकानातून मी असाच उघडा ठेवलेला माल सुटा आणला होता, शंभरात दहासुद्धा फुटत नव्हती, आणि माशांची पिल्लं मात्र निघून बसलेली. तेव्हापासून नवीन डबा आणला की आधी चिमूटभर लावून बघते. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, म्हणून दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या, एकदम ओतू नका. पिल्लाचं पोट केशरी दिसलं म्हणजे जेवलं, याहून सोपी खूण नाही. गुंथेरीची पिल्लंसुद्धा पहिल्या दिवसापासून आर्टेमिया घेतात, तुमची ती तीन-चार पोहणारी होती ती बहुधा यानेच वाचली असती.

मोठ्या माशांना काय द्यायचं हा प्रश्न लोक जास्त विचारतात, त्याचं उत्तर छोटं आहे. लिनिएटस तरंगणारे दाणेही शिकतो, पण अंडी हवी असतील तर जिवंत खाणं लागतं. पावसाळ्यात डासाच्या अळ्या सगळ्यात उत्तम, पण बादली रोज गाळायची, कोष झालेले दिसले की एकही मागे ठेवायचा नाही, गावाला जाणार असाल तर बादली पालथी घालून जा. डेंग्यू शेजाऱ्यांच्या मुलांना होतो, हौस आपली असते. ग्रिंडल वर्म सोडण्याच्या भुश्यात, म्हणजे कोकोपीटमध्ये होतात, तो डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माझा पाण्याच्या मडक्याशेजारी असतो. व्हाइट वर्मच्या नादी लागू नका, त्यांना आपली हवा सोसत नाही. गटारातले ट्युबिफेक्स किडे मी देत नाही.

पीटवरून आठवलं, आयात केलेलं पीट महाग वाटलं तर आपलं कोकोपीट नोथोलाही चालतं, पण सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असू शकतात, म्हणून उकळून, चार-पाच वेळा पिळून, पाण्याला रंग कमी येईपर्यंत धुवा.

पिल्लं महिन्याची झाली की आकाराप्रमाणे वेगळी करा, लिनिएटसमध्ये दोन मोठी पिल्लं बाकीच्यांना संपवतात. पाणी थोडं थोडं पण वारंवार बदला, पिल्लांच्या डब्यात रोज चौथा हिस्सा. या दोन महिन्यांत तुमचे हात बसले की मग दुसरा मासा फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी घ्या, नायजेरिया-कॅमेरूनचा, ऑस्ट्रालेपेक्षा उष्णता जरा जास्त सोसतो, अंडी मॉपवरच देतो, आणि त्याची अंडी ओलसर पीटवरही उबवता येतात, म्हणजे नोथोची तयारी तिथेच होते. पण एका टँकमध्ये एकच जात. या आफ्रिकन माशांच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात, नर भेद करत नाहीत, आणि मग जी पिल्लं होतात ती ना इकडची ना तिकडची. डब्यावर, पिशवीवर, टँकवर जातीचं नाव आणि कुठून आले ते लिहा. ज्या लोकांनी आपल्याला अंडी दिली त्यांनी ते नाव कित्येक पिढ्या जपलेलं असतं.

आणि मासे जास्त झाले तर कुणाला द्या, पण व्हाळात, तळीत, शेतात सोडू नका. आफ्रिकन तर नाहीच, पण गोल्डन वंडरसुद्धा नाही, तो इथल्या जंगली लिनिएटसमध्ये मिसळतो आणि पाटातला तो टिकलीवाला मूळचा मासा हळूहळू बिघडतो. गप्पी आणि गॅम्बुसिया डासांसाठी म्हणून सोडून आपल्या पाण्यात आधीच भरपूर झालेत.

तर आज रात्री पीट पिळून पिशवीत घाला, उद्या थर्मामीटर आणि लोकर आणा, मायक्रोवर्मचं विरजण कुठे मिळालं नाही तर सांगा, माझ्याकडे दोन डबे चालू आहेत, वास्कोला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. आणि त्या पिशवीवर अंडी काढल्याची तारीख काय होती ती बघून लिहा, म्हणजे पुन्हा पाणी साधारण कधी लावायचं ते मला नीट सांगता येईल.